पणजोबांचं नाव जनगणनेत का सापडत नाही, आणि मग कुठे शोधायचं?

२०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार, असं केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं आणि नाशिकमध्ये घरोघरी एक जुनाच प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला. ‘१९३१ साली इंग्रजांनी जात लिहून घेतली होती ना? मग आमच्या पणजोबांचा तो कागद कुठेतरी असेलच की!’ कुणाला जात पडताळणीसाठी पुरावा हवा असतो, कुणाला घराची वंशावळ पुरी करायची असते. परदेशात वाढलेली नातवंडं तर हा प्रश्न हमखास विचारतात, कारण इंग्लंडमध्ये १९२१ च्या जनगणनेचे घरवार कागद शंभर वर्षं पुरी झाल्यावर, २०२२ च्या जानेवारीत सगळ्यांसाठी खुले झाले. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. तिथल्या माणसाला आपल्या आजोबांचं घर, वय, धंदा, शेजारी असं सगळं एका पानावर वाचता येतं.

आपल्याकडे तसं पान मिळत नाही. पण त्यामुळे शोध थांबवायचं कारण नाही. आपल्या माणसांची नावं लिहिलेली आहेत, फक्त ती जनगणनेच्या दप्तरात नाहीत.

जनगणनेत लिहिलं काय जायचं?

हिंदुस्थानातली पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. संपूर्ण देशात एकाच वेळी मोजणी झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ रोजी. तिथून दर दहा वर्षांनी हे काम होत राहिलं, २०२१ चा खंड सोडला तर. मोजणीदार घरी येऊन प्रत्येकाचं वय, लग्न, धर्म, जात, मातृभाषा, जन्मठिकाण, धंदा आणि लिहिता-वाचता येतं का, हे तक्त्यात भरून घ्यायचा. म्हणजे नाशिकच्या भद्रकालीतल्या किंवा निफाडच्या एखाद्या वाड्यातल्या आपल्या माणसांची माहिती त्या दिवशी खरोखरच कागदावर उतरली होती.

मग ते कागद गेले कुठे?

सरकारला आकडे हवे होते, त्यामुळे आकडे निघेपर्यंतच त्या कागदांची किंमत होती. १९०१ पासून चिठ्ठ्यांची पद्धत आली. तक्त्यातल्या प्रत्येक माणसासाठी एक छोटी चिठ्ठी तयार व्हायची. धर्मानुसार तिचा रंग वेगळा, स्त्री-पुरुष आणि विवाहित-अविवाहित यांच्या खुणा वेगळ्या. मग कारकून बसून या चिठ्ठ्या लाकडी कप्प्यांत वाटायचे आणि मोजायचे. बेरजा जुळल्या, तक्ते छापून झाले की मूळ कागदांचं काम संपायचं. ते जपले गेले नाहीत.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची रोजची आवक जाहीर होते, तसं हे आहे. अमुक दिवशी इतके क्विंटल कांदा आला, हा आकडा राहतो. त्यात तुमच्या आजोबांच्या ट्रॅक्टरमधला कांदाही मोजलेला आहे, पण तीस वर्षांनी त्या आकड्यातून त्यांच्या गोण्या वेगळ्या काढता येत नाहीत. काटापट्टी केव्हाच फाटून गेलेली असते.

१९३१ च्या जातींच्या आकड्यांबद्दल इतकं ऐकू येतं, त्याचं कारणही इथेच आहे. सर्व जातींची मोजणी होऊन तिचे तक्ते छापले गेले, असं ते शेवटचं वर्ष. १९४१ साली महायुद्ध सुरू होतं, त्यामुळे माहिती गोळा झाली तरी जातवार तक्ते निघाले नाहीत. पण १९३१ च्या छापील खंडांतही कोणत्या जातीचे किती लोक, एवढंच आहे. नाव एकाचंही नाही.

हीच गल्लत हैदराबाद गॅझेटबद्दलही होते. निजामाच्या राज्यातल्या त्या जुन्या दस्तऐवजांत समाजांची लोकसंख्या आहे, माणसांची यादी नाही. शिवाय नाशिक निजामाच्या राज्यात नव्हतं, मुंबई इलाख्यात होतं. येवल्याच्या किंवा सिन्नरच्या माणसाने आपलं घर त्यात शोधू नये.

नुसत्या आकड्यांचा घराला काय उपयोग?

उपयोग आहे, आणि मला तो मोठा वाटतो. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ साली ८,१६,५०४ भरली. १८९१ पेक्षा ती जवळपास तीन टक्क्यांनी घटली होती. दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली, कारण मधल्या काळात प्लेग येऊन गेला होता आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ. तुमच्या वंशावळीत पणजोबांच्या पिढीतली एखादी शाखा एकाएकी तुटलेली दिसली, दोन भावांपैकी एकाच्या नावापुढे काहीच नसलं, तर आधी हा आकडा आठवा. माणसं मेली किंवा पोटासाठी गाव सोडून गेली. घरात सांगितल्या जाणाऱ्या ‘आमचे मूळ पुरुष दुष्काळात इकडे आले’ या गोष्टीला अशी तारीख मिळते.

१८८३ चं जुनं नाशिक गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची समग्र माहिती देणारा सरकारी ग्रंथ, आणि १९५१ नंतरच्या जिल्हा जनगणना पुस्तिका यांचा असाच उपयोग होतो. गावात घरं किती, लोक किती, शाळा होती का, हे पुस्तिकेत मिळतं. शाळा नसेल, तर आजोबा शेजारच्या कोणत्या गावात शिकायला जात असतील हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

१९५१ चा अपवाद

जनगणनेच्या कामातून नावं शिल्लक राहिली, अशी एक नोंदवही मात्र आहे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी त्याच माहितीवरून गावोगाव ‘नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर’ उतरवून घेतलं होतं. आसाममध्ये पुढे नागरिकत्वाच्या पडताळणीत ते वापरलं गेलं, म्हणून त्याचं नाव देशभर पोहोचलं. महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तपासायच्या महसुली अभिलेखांच्या यादीत हे १९५१ चं रजिस्टरही होतं. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, ज्याला सगळे रेकॉर्ड रूम म्हणतात, तिथे चौकशी करताना ‘जनगणनेचा कागद’ असं मोघम विचारू नका. या रजिस्टरचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव घ्या.

नाव लिहून ठेवायची गरज कुणाला होती?

जुनी माणसं शोधताना मला हा प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो. जनगणनेला नावाची गरज नव्हती. सारा वसूल करणाऱ्याला होती, कारण शेतसारा कुणाकडून घ्यायचा हे ठाऊक असावं लागतं. जन्म-मृत्यूची वही ठेवणाऱ्याला होती, शाळेच्या मास्तरांना होती, तीर्थावरच्या उपाध्यांना होती. तेव्हा शोध या दारांवर घ्यायचा.

पहिलं दार जमिनीचं. आजचा सातबारा उतारा हातात घ्या. त्यावर फेरफारांचे क्रमांक दिसतील. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल लिहिणारी नोंद, गाव नमुना ६ मधली. मालक वारला की त्याच्या वारसांची नावं या नोंदीने चढतात. वंशावळ शोधणाऱ्याला याहून सोन्यासारखा कागद मिळणार नाही, कारण कोण वारलं, साधारण केव्हा वारलं, मागे कोण कोण उरलं आणि त्यांचं मयताशी नातं काय, हे सगळं चार ओळींत येतं. एका फेरफारावरून मागच्या सातबाऱ्यावर जायचं, त्यावरून त्याच्या आधीच्या फेरफारावर. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, त्यामुळे कागद धड असले तर ही साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नेता येते. बहुतेक घरांत तेवढ्यात चार पिढ्या होतात.

नाशिक जिल्ह्याचं एक बरं आहे. राज्य सरकारने जुने अभिलेख स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर टाकले, त्यात हा जिल्हा सुरुवातीपासून आहे. तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि गट किंवा सर्व्हे क्रमांक दिला की घरबसल्या जुनी पानं शोधता येतात. जे तिथे सापडत नाही, त्यासाठी तहसील कचेरीत नकलेचा अर्ज करायचा. अर्जात जुना सर्व्हे नंबर लिहायला विसरू नका. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले आणि बहुतेकांचा शोध तिथेच अडतो. गट नंबरवरून जुना सर्व्हे नंबर तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात कळतो. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात वाडा असलेल्यांनी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड मागावं. त्यावरही वारसांच्या नोंदी असतात.

दुसरं दार जन्म-मृत्यूच्या वहीचं. गावात हिला कोतवाल बुक म्हणतात, महसुली नाव गाव नमुना १४. यात अनेकदा जातही लिहिलेली असते, म्हणून २०२३ नंतर कुणबी नोंदींसाठी या वह्या इतक्या चाळल्या गेल्या. शोधताना दोन गोष्टी सांभाळा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते. ‘अमक्याला मुलगा झाला’ एवढंच असतं, म्हणून बापाच्या नावाने शोधायचं. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. आजोबांची जन्मनोंद त्यांच्या गावात सापडली नाही, तर त्यांच्या आजोळच्या गावाची वही उघडा.

‘पण आमच्याकडे जमीनच नव्हती’

हे म्हणणं रास्त आहे आणि निम्म्या जिल्ह्याला लागू पडेल. जमीन नसलेल्याच्या वाट्याला महसूल दप्तरात जागा कमीच आली. तरीही काही वाटा आहेत. महार वतनाच्या, म्हणजे गावच्या कामाबद्दल मिळालेल्या, जमिनींची वेगळी नोंद असायची आणि वतनदारांची नावं तिच्यात असत. ही गावकीची वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, त्याच्या आधीचे कागद मागावेत. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडच्या आदिवासी घरांना वनखात्याच्या एकसाली, म्हणजे एका वर्षापुरत्या दिलेल्या, लागवडीच्या नोंदी पाहता येतात. सुरगाणा हे तर स्वातंत्र्यापर्यंत वेगळं संस्थान होतं, तेव्हा तिथल्या जुन्या कागदांची चौकशी करताना ‘संस्थानकालीन’ हा शब्द वापरावा.

सगळ्यांना सारखं उपयोगी पडतं ते शाळेचं जनरल रजिस्टर. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव. मागायचं ते ‘प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा’. आजोबा फक्त दुसरीपर्यंत शिकले असले तरी ते एकदा शाळेत दाखल झाले होते, आणि तेवढं पुरतं. जात पडताळणीत इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवास आणि जात पाहतात. तिथे हा उतारा फार महत्त्वाचा ठरतो.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं असतात. नाशिकच्या शरणपूरची मिशन वसाहत एकोणिसाव्या शतकातली आहे. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या शोधप्रवाशाच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. मालेगावच्या मोमीन घरांपैकी अनेकांचं मूळ उत्तर प्रदेशात आहे, त्यांना काझींच्या निकाहच्या नोंदींतून सुरुवात करावी लागते.

रामकुंड आणि त्र्यंबकेश्वरच्या वह्या

नाशिककरांच्या दारातच एक मोठा खजिना आहे. रामकुंडावरचे आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वह्या ठेवत आले आहेत. कुणी अस्थी विसर्जनाला आलं, कुणी श्राद्धाला, कुणी नारायण नागबळीला, कुणी सिंहस्थात स्नानाला; आलेल्या माणसाने आपलं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे, गाव असं सांगायचं आणि उपाध्यांनी लिहून घ्यायचं. लिहिता येत असेल तर यजमान स्वतःच्या हातानेही लिहायचा. पणजोबांचं हस्ताक्षर पाहायला मिळण्याची जागा बहुतेकांसाठी हीच एक.

गंमत अशी की या वह्यांचा फायदा नाशिकबाहेरच्यांना जास्त होतो. वऱ्हाडातला किंवा खानदेशातला माणूस तीर्थाला म्हणून इथे आला आणि नोंद ठेवून गेला. त्यामुळे नाशिककरांनी आपलीच माणसं पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या उपाध्यांकडेही शोधावीत. हरिद्वारच्या अशा वह्यांच्या तर मायक्रोफिल्म प्रतीही निघाल्या आहेत.

वह्या गाव आणि आडनाव यांवरून लावलेल्या असतात, जिल्ह्यावरून नाही. म्हणून जाताना मूळ गाव नक्की करून जा. तीन पिढ्यांपूर्वी नाशिकला आलेल्या कुटुंबाची नोंद ‘नाशिक’ खाली शोधून मिळणार नाही, जिथून आले त्या गावाखाली मिळेल. जुनं आडनाव वेगळं असेल, पाटीलकी किंवा कुलकर्णपणावरून नवं लागलं असेल, तर दोन्ही सांगा. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. त्या गर्दीत उपाध्यांना शांतपणे वही उघडायला वेळ मिळणार नाही, तेव्हा आधीच जाऊन यावं. दक्षिणा द्यावी. वही ही त्यांच्या घराची ठेव आहे, सरकारी दप्तर नाही, आणि ती त्यांनी आपल्यासाठी जपली आहे.

वाचायचं कसं?

पहिली अडचण मोडी लिपीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे बरेच कागद मोडीत आहेत. गावाचं आणि घराण्याचं नाव मोडीत कसं दिसतं, एवढं जरी एखाद्या जाणकाराकडून लिहून घेतलं तरी शंभर पानांतून आपलं पान वेगळं काढता येतं. पूर्ण वाचन मग त्यांच्याकडून करून घ्यावं.

दुसरं म्हणजे नात्याचे शब्द. ‘राघो वलद गणू’ किंवा ‘राघो बिन गणू’ म्हणजे गणूचा मुलगा राघो. ‘सखू कोम राघो’ म्हणजे राघोची बायको सखू. सातबाऱ्यावर नावापुढे ‘अ.पा.क.’ असेल तर तो अज्ञान पालन कर्ता, म्हणजे मूल लहान होतं आणि त्याच्या वतीने हे नाव लागलं आहे. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. ही दुसरी खूण दिसली की थांबा. एकाच भावाचं नाव लागलेलं असतं आणि बाकीचे त्याच्या मागे असतात. ‘आमच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच’ असं सांगणाऱ्या अनेकांचे आजोबा या तीन अक्षरांत आहेत.

तिसरं, आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची आपली पद्धत. गणू राघोचा मुलगा राघो, त्याचा मुलगा पुन्हा गणू. वही वाचताना दोन पिढ्या एक होऊन जातात. प्रत्येक नोंदीचं साल सोबत लिहून ठेवा. शकाचं असेल तर ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो.

कायद्याने किंवा माहिती अधिकारात जुना जनगणनेचा फॉर्म मिळवता येणार नाही का?

नाही. जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ प्रमाणे मोजणीच्या नोंदी पाहण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि एरवीच्या कोर्टकज्जात त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. इंग्लंडसारखी शंभर वर्षांनी उघडण्याची तरतूद त्यात नाही. जुन्या वर्षांचे तर मूळ कागदच राहिलेले नाहीत, आणि जो कागद कचेरीत नाही तो माहिती अधिकारात तरी कसा देणार?

ही गुप्तता मला योग्यच वाटते. मोजणीदाराला दिलेलं उत्तर उद्या जमिनीच्या भांडणात आपल्याविरुद्ध उभं राहील अशी भीती असती, तर कुणी खरं सांगितलं नसतं. पण त्याचा अर्थ असाही होतो की २०२७ मध्ये आपण जे सांगू तेही पणतवंडांच्या हाती लागणार नाही. मोजणीदार येऊन गेला की त्याच संध्याकाळी तीच माहिती घरच्या वहीत उतरवून ठेवावी: नावं, जन्मगावं, मूळ गाव, कुलदैवत, देवक, आणि घरात आलेल्या सुनांची माहेरं.

मुली कुठे गेल्या?

माहेरांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण वर सांगितलेली जवळजवळ सगळी दप्तरं पुरुषांची आहेत. उपाध्यांच्या वहीत मुलगे येतात, मुली क्वचित. जुन्या वारसनोंदीत विधवा असते, मुलगे असतात. मुलगी लग्न होऊन गेली की कागदावरून पुसली जाते. आईचं नाव सरकारी कागदावर सक्तीने लावण्याचा महाराष्ट्राचा निर्णय १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांपुरता आहे.

तरी पणजीचं, आत्यांचं नाव शोधता येतं. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला आणि मुलगी बापाच्या मिळकतीची वारस झाली. त्यानंतरच्या वारसनोंदींत मुलींची नावं येऊ लागली, सासरच्या आडनावासकट. आणि बहुतेक घरांत त्याच्या पाठोपाठच आणखी एक कागद होतो: हक्कसोडपत्र. बहिणींनी भावांच्या नावे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त. तो करताना त्या बायकांच्या मनात काय असेल ते कागदावर नाही. पण तिचं पूर्ण नाव, वय, नवऱ्याचं नाव आणि ती कुठे नांदत होती ते गाव, हे सगळं त्यात असतं, आणि खाली तिची सही किंवा अंगठा. हा दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेला असतो. दस्ताचा क्रमांक माहीत नसेल तर त्याच सुमाराचा फेरफार काढा. ‘हक्क सोडल्याने नाव कमी’ असं लिहिलेल्या नोंदीत दस्ताचा क्रमांक आणि तारीख बहुधा दिलेली असते.